छेद

चांदिवलीत, सातव्या मजल्यावर
मी नेदरलँड्सचे तास मोजते.
माझे साडेबारा म्हणजे तिकडचे नऊ.
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
त्यांचं घड्याळ तासभर मागं सरतं
आणि विक्रोळीत माझं रात्रीचं जेवण तासभर पुढं.

मारेका, परिचारिका, आठवड्याला चोवीस तास.
तिचा बुधवार कोरा.
नवी होते तेव्हा वाटलं फाइल बिघडली,
मी मेल टाकला: बुधवारचा डेटा गहाळ आहे.
उत्तर आलं, गहाळ नाही.
बुधवारी शाळा अर्धी असते.

योरिस, सुतार, चार दिवस.
शुक्रवारी कोड चारशे सतरा:
बापाचा दिवस.
म्हणजे लेकराला घेऊन घरी बसायचं
आणि ते कंपनीला कळवायचं, एवढंच.
मी शेजारच्या मुकादमला म्हटलं, आपल्यात आहे का रे हा कोड?
निहाल मुकादम, दापोलीकडचा, हळू बोलणारा.
म्हणाला, बापाच्या मयतीला अर्धा दिवस मिळालेला,
उरलेला अर्धा
मी शनिवारी भरून दिला.
मग आम्ही दोघांनी आपापल्या स्क्रीनकडे पाहिलं.

तिमाही संपली की आकडा निघतो.
वर मूल्य, खाली तास,
वरच्याला खालच्यानं भागायचं,
पाचवीत चिटणीस बाईंनी शिकवलं तसंच:
अंश वर, छेद खाली.
मोठ्या पडद्यावर मॅनेजर आकडा दाखवतो, म्हणतो,
बघा, कमी तास बसतात आणि ताशी केवढं पिकवतात!
शिका काहीतरी.

मी शिकायला बसते.
मारेकाच्या रात्रपाळ्या मी लावलेल्या,
योरिसचा चुकलेला ओव्हरटाइम मुकादमनं सुधारलेला,
ते दोघं निजले तेव्हा.
आमचं बिल वरून वजा होतं,
स्वस्त म्हणून वजाबाकी लहान.
आणि आमचे तास?
खाली शोधले. पुन्हा शोधले.
छेदात आम्ही नाही.
छेद जितका लहान
तितका माणूस मोठा दिसतो,
हे बाईंनी सांगितलं नव्हतं,
की सांगितलं होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

मारेकाचा राग येत नाही.
तिचा बुधवार खरा असणार,
सायकल, ओला डबा, गुडघा फुटलेलं पोर.
मी तो कोरा चौकोन
दर आठवड्याला जपून कोराच ठेवते,
शेजारच्या रकान्यातला आकडा
चुकून आत घरंगळू नये म्हणून.

माझे वडील भांडुपच्या कारखान्यात टाइमकीपर.
गुलाबी कार्डं, जांभळी शाई, फाटकाशी खोपटं.
सोमवारी टागोरनगरात पाणी उशिरा यायचं,
म्हणून सोमवारी ते फाटकावरचं घड्याळ
पाच मिनिटं मागं करून ठेवत.
अकरा वर्षं कुणाला कळलं नाही.
कळलं तेव्हा तीन दिवसांचा पगार कापला,
आणि पुढच्या सोमवारी
साहेबानं स्वतः येऊन घड्याळ लावलं.
कारखाना मिटला तेव्हा
ग्रॅच्युइटीच्या आधी ते घड्याळ घरी आलं.

माझ्या टाइमशीटला तीनच रकाने:
बिल लागणारं, बिल न लागणारं, रिकामं.
पाणी प्यायला गेले तरी रिकामं,
आईचा रिपोर्ट आणायला गेले तरी रिकामं.
वडिलांना सांगितलं तर हसले.
म्हणाले, आमच्याकडं निदान लेट होतं,
रिकामं असं कुणाला लिहिलं नाही.

पावणेबाराला घरी पोचते.
भिंतीवर अकरा चाळीस.
ते घड्याळ अजून सोमवारचंच चालतं,
वडील दुरुस्त करू देत नाहीत, मीही हट्ट धरत नाही.
चपला न काढता
उंबऱ्याशी टेकून बसते,
आतून विचारतात, आलीस?
मी म्हणते, पाच मिनिटं थांबा,
अजून यायचीय.